घरच्या घरी सिमेंटच्या कुंड्या: खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या चार कुंड्या दोन पावसाळेही टिकल्या नाहीत. वाळू समुद्रावरची, पाणी मे महिन्यातल्या मचूळ विहिरीचं, आत कोंबडीची जाळी, आणि साच्यातून काढल्या त्याच आठवड्यात माती भरून त्यात अनंत लावलेला. यातली एकेक गोष्ट चुकलेली होती. अनंत पिवळा पडला, कुंड्यांवर मिठाची पांढरी फुलं आली आणि दुसऱ्या श्रावणात एका कुंडीचा काठ चक्क हातात आला. आतली जाळी गंजून फुगली होती. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "वृंदावन बांधून गेला त्या गवंड्याला आधी विचारलं असतंस तर?"

मग विचारलं. त्याने सांगितलेलं आणि नंतर स्वतः चुकत शिकलेलं असं दोन्ही इथे लिहिते आहे. आम्ही दापोली तालुक्यात राहतो, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या प्लास्टिकच्या कुंड्या शेजाऱ्यांच्या पोफळीत जाऊन पडल्या होत्या, तेव्हापासून जड कुंड्यांचं डोक्यात होतं. आता खळ्यात आणि परसात मिळून चाळीसेक झाल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: कुंडी करायला एक सकाळ पुरते, पण ती झाड लावण्याजोगी व्हायला महिना लागतो. ज्यांना हा महिना थांबायचं नसेल त्यांनी नर्सरीतून आणावी, ते स्वस्त पडेल.

१. आधी महिना ठरवा

दसरा झाला की सुरू करा, होळीच्या आत संपवा. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दमट हवेत सिमेंटची उघडी गोण आठ दिवसांत खडे धरते आणि ताज्या कुंडीवर पागोळी पडली तर वरचा थर धुऊन जातो. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात मालातलं (म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं) पाणी तो घट्ट व्हायच्या आत उडून जातं आणि काठावर केसासारख्या चिरा पडतात. उन्हाळ्यातच करायची असेल तर सकाळी सातला माल कालवा आणि साचा पडवीत ठेवा.

२. काय काय लागेल

एका मध्यम कुंडीचा हिशेब देते. तोंड बाहेरून ३० सेंटिमीटर, उंची २८, भिंतीची जाडी ३ सेंटिमीटर.

- सिमेंट ३ ते सव्वातीन किलो
- वाळू साधारण साडेसहा लिटर, म्हणजे दहा किलोच्या आसपास
- गोडं पाणी दीड लिटर (थोडं कमीच धरा)
- साच्यासाठी एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या
- २० ते २५ मिलिमीटर पीव्हीसी पाइपचे तीन सेंटिमीटर लांबीचे तुकडे, कुंडीमागे एक किंवा तीन
- घमेलं, थापी, चाळण, लाकडी दांडका, जुना ब्रश, तारेचा ब्रश
- जुनं गोडेतेल किंवा ग्रीस
- गोणपाट
- रबरी हातमोजे आणि तोंडाला मास्क

शेवटची ओळ गमतीत घेऊ नका. गवंडी म्हणतात, सिमेंट हात खातं. ओलं सिमेंट भयंकर अल्कधर्मी असतं, आणि चटका लगेच जाणवत नाही. संध्याकाळी बोटांच्या पेरांवर भोकं पडल्यासारखी दिसतात तेव्हा कळतं. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, खोबरेल तेल नंतर. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुऊन थेट डॉक्टरकडे जा.

सिमेंटबद्दल. आपल्या बाजूला दुकानात बहुतेक पीपीसी मिळतं, म्हणजे राख मिसळलेलं. कुंडीसाठी तेच चांगलं. त्यात मोकळा चुना कमी उरतो आणि खाऱ्या हवेला ते जास्त दाद देत नाही. फक्त ते सावकाश घट्ट होतं, हे लक्षात ठेवा. गोणीवर कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका. चार-पाच कुंड्यांपुरतं सुटं सिमेंट घेणार असाल तर दुकानदाराच्या उघड्या गोणीत हात घालून बघा. पिठासारखं थंड आणि मऊ लागलं पाहिजे. बोटांनी चुरडत नाहीत असे खडे लागले तर ते सिमेंट वाया गेलेलं आहे, चाळून घेतलं तरी. ५० किलोच्या एका गोणीत वरच्या मापाच्या चौदा-पंधरा कुंड्या होतात.

३. वाळू: इथेच सगळे फसतात

दारात एवढा समुद्र असताना वाळू विकत का आणायची, हा प्रश्न मलाही पडला होता. समुद्राच्या वाळूत मीठ असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, पाण्याबरोबर कुंडीच्या बाहेर येऊन पांढरं फुलतं, आतल्या लोखंडाला गंजवतं आणि मुळांनाही त्रास देतं. शिवाय तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, आणि दाणा लाटांनी घासून गोल आणि एकसारखा झालेला असल्यामुळे माल नीट बांधला जात नाही. काही जण चार पाण्यांनी धुऊन वापरतात. मीही धुतली होती. आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं कायद्यातही बसत नाही, ते वेगळंच. खाडीच्या वाळूचीही तीच गत. विकत घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. खारट लागली तर परत करा.

दुसरा मोह चिरेखाणीवरच्या भुश्याचा. फुकट मिळतो, रंगही छान तांबूस येतो. मी दोन कुंड्या केल्या. पण जांभ्याच्या भुश्यात चिकणमातीचा अंश फार असतो, सिमेंट दाण्याला धरत नाही. त्या दोन कुंड्यांचा काठ नखाने खरवडता येतो. अजून आहेत, फुटक्या नाहीत, पण त्यांना हलवायची माझी हिंमत नाही.

तर क्रश सँड आणा, काळ्या दगडाची. दुकानात "प्लास्टरची" म्हणून मागा, ती बारीक असते. जाडी वाळू भिंतीत पोकळ्या ठेवते. घरी आणल्यावर बाटलीत निम्मी वाळू आणि वर पाणी घालून हलवा आणि दोन तास ठेवून द्या. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या दहाव्या हिश्शापेक्षा जाड दिसला तर वाळू धुऊन वाळवून घ्या.

पाण्याचंही तसंच. किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. जे पाणी आपण पितो तेच मालाला घ्या. दीड लिटरचा तर प्रश्न आहे.

४. साचा

बादलीत बादली हा सगळ्यात सोपा साचा. आतल्या बादलीचा घेर असा हवा की चारही बाजूंनी अंगठ्याएवढी जागा मोकळी राहील. दोन्ही बादल्या तळाशी निमुळत्या हव्यात. सरळ भिंतीचा डबा असेल तर कुंडी निघता निघत नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या बाहेरून वापरायला उत्तम, जाड असतात. मी बाहेरच्या बादलीला उभी चीर देऊन ठेवली आहे आणि दर वेळी ती सुतळीने घट्ट आवळून घेते. सोडली की बादली उघडते, कुंडीला धक्का लागत नाही. हा एक उद्योग केलात तर निम्मी डोकेदुखी संपते.

लांबट कुंड्यांसाठी हर्णैच्या बंदरावर माशांचे थर्माकोलचे खोके मिळतात. कडा मोडलेले खोके कुणी ना कुणी देऊन टाकतं. दोनदा साबणाने धुवा, नाहीतर मांजरं कुंडी होऊ देणार नाहीत. आत पुठ्ठ्याचं खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, त्यात वाळू दाबून भरून ठेवा.

जिथे जिथे माल लागणार तिथे तेलाचा हात फिरवा, पण ओघळ राहू देऊ नका. आतल्या बादलीला बाहेरून पातळ प्लास्टिकची पिशवी घालणं सगळ्यात चांगलं. सुरकुत्या उमटतात, पण त्या मातीच्या बाजूला जातात.

(टॉवेल सिमेंटच्या पाण्यात बुडवून उलट्या बादलीवर टाकायचा आणि वाळला की कुंडी तयार, हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. दिसायला सुरेख होते. घरात शोभेला ठेवा. बाहेर पावसात कापड कुजतं आणि घड्यांवर चिरा जातात.)

५. माल कालवणं

प्रमाण एक पाटी सिमेंट, तीन पाट्या वाळू. माप एकाच भांड्याने घ्या, अंदाजाने नको. आधी कोरडंच तीनदा खालीवर करा, एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत. मग मधे आळं करून पाणी घाला, तेही थोडं थोडं.

पाणी जास्त घालणं हा नवशिक्यांचा ठरलेला अपराध आहे. पातळ माल साच्यात छान ओतला जातो, म्हणून हात सैल सुटतो. पण जादा पाणी उडून गेलं की त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, आणि कुंडी पाझरणारी आणि ठिसूळ होते. मोदकाची उकड आठवा. मूठभर माल घेऊन दाबा: लाडू वळला पाहिजे, बोटांमधून पाणी गळता कामा नये, आणि लाडू एक फुटावरून घमेल्यात टाकला तर फुटावा पण पसरू नये.

कालवलेला माल पाऊण तासाच्या आत संपवा. उरलेला घट्ट व्हायला लागला म्हणून त्यात पुन्हा पाणी घालून मळू नका. म्हणून एका वेळी एकाच कुंडीचा माल कालवा. पहिल्या दिवशी तर नक्कीच.

हलकी कुंडी हवी असेल, गच्चीसाठी वगैरे, तर सिमेंट एक, वाळू एक आणि कोकोपीट दोन असं घ्या. कोकोपीट आपल्याकडे मुबलक. पण ज्यांपासून ते करतात ती नारळाची सोडणं बरेचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, आणि त्यांतला लालसर अर्क सिमेंटला लवकर घट्ट होऊ देत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, पिळा, मगच मोजा. या कुंडीला साच्यात दोन पूर्ण दिवस द्या.

६. साच्यात भरणं

तळाला तीन सेंटिमीटरचा थर द्या. पाइपचा तुकडा त्यात उभा रोवा, तो बादलीच्या तळाला टेकलेला हवा. तुकड्याला तेल लावा आणि वरचं तोंड कागदाच्या बोळ्याने बंद करा. मोठ्या कुंडीला तीन भोकं ठेवा. नंतर ड्रिलने भोक पाडू म्हणाल तर तळ तडकतो. माझा तडकला आहे.

मग आतली बादली मधोमध ठेवा आणि तिच्यात वाळू किंवा दगड भरा, नाहीतर माल तिला वर ढकलतो. भिंतीत चार बोटं माल घाला आणि दांडक्याने वीस-पंचवीस वेळा सगळीकडून ठासा. मग बाहेरून थापीच्या दांड्याने टकटक करत फिरा. पुन्हा चार बोटं, पुन्हा ठासा. यात घाई झाली तर कुंडी काढल्यावर बाहेरून मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, आणि ती नंतर लिंपून झाकता येतात पण भरून येत नाहीत.

आत जाळी घालायची की नाही? बारा इंचांपर्यंत नको. गंमत अशी की सळईचं काँक्रीट जे पुढे पुलांपर्यंत पोहोचलं, त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत कुंडीही होती. झोझेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्याने लोखंडाची जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट १८६७ मध्ये घेतलं. पण आपली भिंत तीन सेंटिमीटरची, जाळीवर दोन्हीकडून जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर माल राहतो, आणि खारा वारा तेवढा आत पोहोचतो. लोखंड गंजलं की फुगतं आणि माल फोडतं. मोठ्या कुंडीसाठी मी हल्ली नायलॉनच्या फाटक्या मासेमारीच्या जाळ्याचे पट्टे वापरते. तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढायचं, मधल्या थरात गोल फिरवायचं. त्याने कुंडी भक्कम होते असं नाही. तडा गेला तर तुकडे सुटत नाहीत, एवढंच.

७. साच्यातून काढणं

आतली बादली सहा-आठ तासांनी, मालावर नख उमटतं पण बोट रुतत नाही अशा वेळी, वाळू काढून हलकेच पिळल्यासारखी फिरवा आणि अर्धा इंच वर उचलून पुन्हा ठेवा. बस, एवढंच. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशी ती निघणार नाही, कारण माल आकसून तिला धरतो. अडकलीच तर ठोकू नका. बादली कापून काढा. बादली पुन्हा मिळते.

बाहेरची बादली दुसऱ्या दिवशी, पीपीसी असेल तर दीड-दोन दिवसांनी. या वेळी कुंडी दिसते पूर्ण, पण असते कच्ची. काठाला धरून उचलू नका, तळाखाली हात घाला. काठाची आणि कोपऱ्यांची धार आत्ताच तारेच्या ब्रशने मोडून घ्या. आठवड्याने तेच काम कानशीने करावं लागतं.

८. पाणी मारणं, आणि मग बुडवून ठेवणं

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. उन्हात ठेवून "लवकर सुकवलेली" कुंडी वर्षभरात काठाला भुरभुरते. पहिले दोन दिवस सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकता कामा नये. मग सरळ पाण्यात बुडवा. आमच्या विहिरीपाशी जुनी दगडी डोण आहे, तिच्यात चार कुंड्या बसतात. तुमच्याकडे नसेल तर पिंप किंवा टब चालेल.

ताकदीसाठी पीपीसीला किमान दहा दिवस ओल हवी, चौदा दिले तर उत्तम. पण आपण तीन आठवडे ठेवणार आहोत, कारण दुसरं काम बाकी आहे: चुना बाहेर काढणं. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. माझा अनंत त्यानेच मेला. दर तीन दिवसांनी पाणी बदला. वर साय आल्यासारखा पातळ पापुद्रा दिसेल, तो चुन्याचाच. हे पाणी गुरांना पिऊ देऊ नका, डोण झाकून ठेवा.

झालं का ते कसं ओळखायचं? हळदीने. पोळपाटाच्या फडक्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, तोच प्रकार. कुंडी ताज्या पाण्यात एक दिवस ठेवा. मग एका वाटीत ते पाणी, दुसरीत नुसतं विहिरीचं, दोन्हींत चिमूट-चिमूट हळद. कुंडीची वाटी विटकरी-लाल झाली तर अजून थांबा. दोन्ही वाट्या सारख्याच पिवळ्या दिसल्या की कुंडी तयार. पहिल्या आठवड्यात करून बघा, रंग बघून तुम्हीच कुंडी परत पाण्यात ठेवाल.

शेवटी व्हिनेगरमध्ये आठपट पाणी घालून आतून एक हात फिरवते आणि धुऊन टाकते. सार करून उरलेल्या आमसुलांचं पाणीही मी वापरलं आहे, डाग पडतो पण आतल्या बाजूला कोण बघतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र वापरू नका, ते सिमेंटच खातं.

९. रंग

बाहेरून सिमेंट रंग किंवा नुसता गेरू. ऑइलपेंट नको, आतली ओल त्याला फोड आणते. शेवाळ येणारच, पहिल्याच पावसाळ्यात. मला आवडतं. नाही आवडलं तर दिवाळीआधी तारेचा ब्रश मारा.

१०. झाड लावताना

भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा, बाक वर करून. मग लाल माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं भाताचं तूस. आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, त्यामुळे उरलासुरला चुना ती सोसते. तरी पहिल्या वर्षी अनंत आणि इक्झोरा लावू नका, त्यांना चुना जराही चालत नाही आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तुळस, कोरफड, शेवंती, अ‍ॅडेनियम बिनधास्त लावा.

वजनाचं भान ठेवा. वरच्या मापाची रिकामी कुंडी चौदा किलोच्या आसपास भरते, ओल्या मातीसकट पंचवीसच्या पुढे जाते. कठड्यावर ठेवायची नाही, कितीही शोभली तरी. गच्चीवर भिंतीच्या कडेकडेने ठेवा. आणि कुठेही ठेवलीत तरी खाली तीन पाय द्या. जमिनीला टेकलेल्या कुंडीचं भोक आषाढात चिखलाने बुजतं, आणि झाड सडेपर्यंत पत्ता लागत नाही.

हे पाय विकत आणू नका. घमेल्यात शेवटी मूठ-दोन मुठी माल उरतोच. नारळाच्या करवंट्या आतून तेल लावून तयार ठेवायच्या आणि उरलेला माल त्यांत दाबून भरायचा. तीन दिवसांनी करवंटी फोडली की गोल बुडाचा गट्टू निघतो. सपाट बाजू खाली, गोल बाजूवर कुंडी. एका कुंडीला तीन, म्हणजे आठवड्याच्या जेवणातल्या करवंट्या पुरतात.